बोबड्या बोलांची वाट पाहताना

दिल्लीत यमुना ओलांडून पूर्वेकडे गेले, की मयूर विहार ही वसाहत लागते. सहकारी गृहसंस्थांच्या इमारती, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि त्यांच्या मधल्या लहान लहान बागा असे तिचे रूप आहे. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने केरळ, बंगाल, उत्तराखंड, बिहार अशा कितीतरी प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. त्यांत मराठी घरेही आहेत. संध्याकाळी बागेत मुले जमली, की चार-पाच भाषा एकाच वेळी कानांवर पडतात.

अशा एखाद्या बागेतील नेहमीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. बावीस महिन्यांचा एक मराठी मुलगा झोपाळ्याजवळ उभा आहे. त्याच्याच वयाची शेजारची मुलगी आपल्या आईला ‘मम्मी, झूला दो’ असे स्पष्ट सांगते. हा मुलगा मात्र झोपाळ्याकडे बोट दाखवून नुसते ‘ऊं, ऊं’ करतो आणि आईची ओढणी ओढतो. त्याच्या तोंडी ‘आई’, ‘बाबा’ आणि कुत्र्यासाठी ‘भू’ याखेरीज शब्द नाहीत. आईच्या मनात काळजीचा किडा वळवळू लागतो. रात्री साताऱ्याहून आजीचा फोन येतो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बोलायला लागला का गं?”

मग सल्ल्यांना तोटा राहत नाही. कोणी म्हणते, “मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला.” कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगते, तर कोणी पोपटाने टोचलेला पेरू खायला घालायला सुचवते. शेजारीण बजावते, “घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, मूल गोंधळणार नाही तर काय? आधी मराठी बंद करा.” या सर्व सल्ल्यांमागे आपुलकी असते, यात शंका नाही. परंतु त्यांतील काही निरुपयोगी आहेत, काही घातक आहेत आणि एखाद्यामुळे मुलाचे मोलाचे महिने वाया जाण्याचा संभव आहे. म्हणून मूल बोलू लागते म्हणजे नेमके काय घडते, हे प्रथम समजून घेणे आवश्यक ठरते.

बोलण्याआधीचे बोलणे

पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी मुलाने भाषेचा दीर्घ अभ्यास केलेला असतो. गर्भावस्थेच्या शेवटच्या काही महिन्यांत त्याला ऐकू येऊ लागते. जन्मानंतर लवकरच ते परक्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाकडे अधिक ओढ घेते. पहिल्या वर्षात भोवतालच्या भाषेतील ध्वनी वेगळे करण्याचे काम त्याच्या मेंदूत अखंड चालू असते.

या बाबतीत एक प्रयोग फार उद्बोधक आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली कॅनडातील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांसारखे ध्वनी ऐकवले. मराठी किंवा हिंदी माणसाला हा भेद सहज जाणवतो. इंग्रजी भाषकाला तो कठीण जातो. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांनी हा भेद ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी मात्र फारच थोड्यांना तो ओळखता आला. आपल्या घरात उपयोगी नसलेला भेद त्यांनी वर्षाच्या आतच मागे टाकला होता. मूल गप्प असते तेव्हाही ते किती बारकाईने ऐकत असते, हे यावरून ध्यानात येते.

बोलण्याचा क्रमही ठरलेला असतो. दोन-तीन महिन्यांचे मूल हुंकार देते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू होते. वर्षाच्या सुमारास हाक मारल्यावर वळून पाहणे, टाटा करणे, हव्या त्या वस्तूकडे बोट दाखवणे या गोष्टी येतात. याच सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द उमटतो. दीड वर्षाच्या मुलाकडे काही शब्दांची पुंजी असते. दोन वर्षांच्या सुमारास ‘आई ये’, ‘दूध नको’ अशी दोन शब्दांची जोडी जमते. तीन वर्षांचे मूल लहान वाक्ये बोलते आणि त्याच्या बोलण्याचा बराचसा भाग परक्या माणसालाही कळतो.

शब्द कशाला म्हणावे, याबाबत पालकांचा अनेकदा गैरसमज होतो. उच्चार शुद्ध असला पाहिजे असे नाही. मूल दर वेळी गाडीलाच ‘दादी’ म्हणत असेल, तर तो त्याचा शब्दच होय. मांजरासाठी ‘म्याँव’ आणि गाईसाठी ‘हम्मा’ हेही शब्दच मोजावेत. ‘साखर’चे ‘ताकल’ होणे किंवा ‘र’च्या जागी ‘ल’ येणे या वयात स्वाभाविक आहे. प, ब, म यांसारखे ओठांवरचे ध्वनी बहुधा लवकर येतात. र, श यांसारखे ध्वनी उशिरा स्थिर होतात.

सरासरी आणि सीमा

शेजारच्या मुलीशी तुलना करताना एक गोष्ट विसरली जाते. एखादी कृती मुले सरासरी बाराव्या महिन्यात करतात, याचा अर्थ पुष्कळशी निरोगी मुले ती त्यानंतर करतात. सरासरीच्या मागे असणे हा दोष नव्हे. मात्र प्रत्येक टप्प्याला एक सीमाही असते आणि ती ओलांडली गेली, तर चौकशी करणे भाग असते. सरासरी आणि सीमा यांत घोटाळा झाला, की पालक एक तर विनाकारण घाबरतात किंवा नको इतके निर्धास्त राहतात.

भारतीय मुलांची वाढ मोजण्यासाठी परदेशी तक्ते जसेच्या तसे वापरणे योग्य नाही, हे येथील अभ्यासकांनी पूर्वीच ओळखले होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांच्या विकासाची प्रमाणे तयार केली. त्या प्रमाणांच्या आधारे १९९१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या सतरा बाबींचा तपासणी तक्ता सिद्ध केला. थोड्या प्रशिक्षणानंतर आरोग्यसेविकेलाही वापरता यावा, इतका तो सोपा आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपले टप्पे नव्याने मांडले. पूर्वी निम्मी मुले जे करू शकतात, तो टप्पा मानला जाई. आता चारांपैकी निदान तीन मुले जे करू शकतात, ते त्या वयासाठी धरले जाते. ‘पाहू या, होईल पुढे’ असे म्हणून विषय टाळला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

दोन वर्षांच्या ज्या मुलांचे बोलणे मागे असते, त्यांतील निम्मी किंवा त्याहून अधिक मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. हे सत्य दिलासा देणारे आहे. पण त्यांतील कोणते मूल आपोआप बरोबरीला येईल आणि कोणत्या मुलाला मदत लागेल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. ‘बापही उशिरा बोलला’ या वाक्यात तथ्य असू शकते, कारण उशिरा बोलण्याची प्रवृत्ती काही घराण्यांत आढळते. मुलगे मुलींच्या किंचित मागे असतात, हेही खरे; पण हा फरक फार तर एक-दोन महिन्यांचा असतो. दोन वर्षांचा मुलगा एकही शब्द बोलत नसेल, तर त्याचे कारण ‘मुलगा आहे म्हणून’ हे असू शकत नाही.

अनेक भाषांचे घर

आता ‘आधी मराठी बंद करा’ या सल्ल्याकडे वळू. मयूर विहारसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न विशेष जाणवतो. आई-वडील मराठी बोलतात, दिवसा मुलाला सांभाळणारी बाई हिंदी किंवा बंगाली बोलते, समोरच्या घरात मल्याळम चालते आणि पाळणाघरात इंग्रजी गाणी म्हटली जातात. या गर्दीत मुलाची वाणी अडकून बसेल, अशी भीती वाटणे साहजिक आहे.

संशोधनाने या भीतीला आधार दिलेला नाही. दोन भाषा ऐकणारी मुले पहिल्या शब्दाचा आणि शब्दजोडीचा टप्पा साधारण त्याच काळात गाठतात. फरक मोजणीत होतो. बार्बरा पिअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतील स्पॅनिश व इंग्रजी ऐकणाऱ्या बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकेका भाषेतील शब्द वेगळे मोजले, तर ही मुले मागे दिसू शकत. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरले, की ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीची ठरत. एखाद्या मुलाला मराठीतील वीस, हिंदीतील पंचवीस आणि इंग्रजीतील दहा शब्द येत असतील, तर त्याची पुंजी पंचावन्न शब्दांची आहे, वीस शब्दांची नव्हे. ‘आई, पानी चाहिए’ असे मिश्र वाक्य हा गोंधळ नसतो. हाताशी असलेल्या साधनांतून मूल आपला अर्थ पोहोचवत असते.

भारतात तर अनेक भाषांत वाढणे ही जुनी रीत आहे. अजित मोहंती यांनी ओडिशातील कोंध आदिवासी मुलांचा अभ्यास केला. कुई आणि ओडिया अशा दोन्ही भाषा बोलणारी मुले भाषेविषयी विचार करण्याच्या चाचण्यांत केवळ ओडिया बोलणाऱ्या कोंध मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणून बोलणे लांबलेल्या मुलाची मातृभाषा काढून घेण्याने काही साधत नाही. उलट, आई-वडिलांना जी भाषा सहज, मायेने आणि भरभरून बोलता येते, तीच बंद झाली तर घरातला संवादच आटतो. साताऱ्याच्या आजीशी नाते जोडणारा धागाही त्याबरोबर तुटतो.

मराठी घरात तान्ह्या बाळाशी बोलण्याची एक वेगळीच बोली असते. जेवण म्हणजे मंमं, दूध म्हणजे दुदू, झोप म्हणजे गाई, जखम म्हणजे बाऊ आणि फिरायला जाणे म्हणजे भुर्र. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी या बोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून १९६४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातील सहा भाषांमधील अशा बोलींची तुलना केली. त्या सहांत मराठी होती. सोपे ध्वनी, पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे आणि चढउतारांचा आवाज ही या बोलीची लक्षणे दूरदूरच्या भाषांतही आढळली. आजीच्या तोंडचे ‘चल, भुर्र जाऊ’ हे निरर्थक लाड नव्हेत. बाळाचे लक्ष भाषेकडे वेधून घेण्याचे ते साधन आहे.

उपाय आणि अपाय

वेखंड चाटवल्याने वाचा फुटते, असा समज अनेक मराठी घरांत आहे. त्याला आधार नाही. शिवाय वेखंड बहुधा मधात उगाळले जाते आणि एक वर्षाच्या आतील मुलाला मध देणे धोक्याचे असते. मधात असू शकणाऱ्या एका जंतूमुळे तान्ह्या मुलाला स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा होण्याचा संभव असतो. जिभेखालचा पडदा आखूड असल्याची शंका आली, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. पण त्यामुळे काही उच्चार अडले, तरी मूल मुळीच बोलत नाही असे सहसा होत नाही.

आजच्या घरातला मोठा अडथळा म्हणजे हातातला मोबाईल. रडणारे मूल शांत व्हावे किंवा जेवावे म्हणून त्याच्यापुढे पडदा धरला जातो. ‘त्यात गाणी असतात, त्यातून शिकेल’ असे समाधानही करून घेतले जाते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बालकांना बारा बैठकांमध्ये चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसाकडून ज्यांनी ती ऐकली, त्यांना तिचे ध्वनी ओळखता येऊ लागले. तीच भाषा पडद्यावरून ऐकणाऱ्या बालकांना त्यातून काहीच लाभ झाला नाही. मूल माणसाकडून भाषा शिकते. कारण माणूस त्याच्या हुंकाराला उत्तर देतो. दोन वर्षांच्या आतील मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आप्तांशी होणारा दृक्-फोन तेवढा त्याला अपवाद आहे. म्हणजे साताऱ्याच्या आजीचा फोन चालू ठेवण्यास हरकत नाही.

जेव्हा थांबू नये

काही खुणा दिसल्या, तर वाट पाहणे योग्य नाही. वर्षाचे होऊनही मूल ‘बाबाबा’सारखे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल किंवा टाटा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा नजरेला नजर देत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही दवडू नये. स्वमग्नता, बौद्धिक विकासातील विलंब किंवा इतर काही कारण असल्यास या खुणांमुळे ते लवकर लक्षात येते.

सर्वांत आधी करावयाची गोष्ट म्हणजे श्रवणाची तपासणी. हजार नवजात बालकांमागे निदान एक-दोन बालकांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. तो घरी सहज ओळखू येत नाही. कारण कर्णबधिर बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते, हसते, रडते. दार आपटल्यावर ते दचकले, तरी त्याला बोलण्याचे बारीक ध्वनी ऐकू येतातच असे नाही. कान वारंवार फुटणे किंवा कानाच्या पडद्यामागे द्रव साठणे यांमुळेही ऐकणे मंद होते. तान्ह्या मुलाची तपासणी यंत्राने, वेदना न होता करता येते. त्यासाठी मुलाने उत्तर देण्याची गरज नसते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराचा आरंभ, असे वेळापत्रक जगभर मान्य झाले आहे. सहा महिन्यांच्या आत दोष ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा पुढे अधिक चांगली वाढते, असे अमेरिकेतील १९९८च्या एका अभ्यासात दिसून आले. यात एकेका महिन्याला किंमत आहे.

यासाठी सरकारी व्यवस्थाही उपलब्ध आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मजात दोष, पोषणातील उणिवा, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टींसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणे हा त्याचा उद्देश आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्यात योजना आहे. माता व बाल संरक्षण पत्रिकेत लसीकरणाबरोबर वाढीचे टप्पेही चित्रांसह छापलेले असतात. लसीची तारीख पाहण्यासाठी ती पत्रिका उघडली, की त्या चित्रांवरूनही एकदा नजर फिरवावी. वाचा व श्रवण यांच्या क्षेत्रात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे.

घरचा अभ्यास

तपासणी होईपर्यंत आणि त्यानंतरही घरी बरेच काही करता येते. भाजी निवडताना, अंघोळ घालताना, जिना उतरताना जे चालले आहे ते मुलाला सोप्या शब्दांत सांगत राहावे. त्याने झोपाळ्याकडे बोट दाखवले, तर “झोपाळा हवा? चल, झोपाळ्यावर बसू” असे म्हणून त्याच्या खुणेला शब्द द्यावा. प्रश्न विचारल्यावर क्षणभर थांबावे. त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. ‘म्हण ना, म्हण ना’ असा तगादा लावू नये आणि पाहुण्यांपुढे परीक्षा घेऊ नये. बडबडगीते, चित्रांची पुस्तके आणि मांडीवरच्या गोष्टी यांना खर्च फारसा येत नाही. मुलाला कोणते शब्द येतात, त्यांची भाषेचा भेद न करता एक यादी करावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी. आठवणीवर विसंबण्यापेक्षा अशी यादी अधिक उपयोगी पडते.

बागेतील त्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहावे. तो बोट दाखवतो, आईची ओढणी ओढतो, सांगितलेले कळते आणि काही सांगण्याची धडपडही करतो. ही सारी शुभचिन्हे आहेत. परंतु दोन वर्षे पूर्ण होण्यास दोन महिने उरले असताना त्याचे तीनच शब्द आहेत, हेही तितकेच खरे. शहाणी आई शुभचिन्हांवर विसंबून राहणार नाही आणि शेजारच्या मुलीकडे पाहून रात्रभर जागणारही नाही. ती मुलाची श्रवणचाचणी करून घेईल, शब्दांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जाईल आणि घरी त्याच्याशी पूर्वीपेक्षा अधिक बोलेल. तेही आपल्या मराठीत.

काळजी ही प्रेमाचीच एक बाजू आहे. ती मनात कोंडून ठेवली, तर तिचे भय होते. तिला निरीक्षणाची आणि वेळेवर केलेल्या तपासणीची जोड दिली, तर तीच मुलाच्या उपयोगी पडते. बोबड्या बोलांची वाट पाहावी. पण कान आणि डोळे उघडे ठेवून पाहावी.